चुन्याखालचा बैल

माझं लग्न ठरायच्या आधी मामू निलंग्याला जाऊन मुलाची चौकशी करून आले. हदगावच्या आमच्या घरी चहाची बशी हातात घेऊन त्यांनी अब्बांना सांगितलं, "मुलगा चांगला आहे. बोर्ड रंगवतो, हातात कला आहे, कसलं व्यसन नाही. फक्त एका जागी बसत नाही." अब्बांना वाटलं, कामसू असेल. मलाही तसंच वाटलं. मामूंनी तक्रार केली होती आणि आम्ही ती तारीफ समजून होकार देऊन बसलो, हे मला लग्नानंतर लगेच कळलं.

आमचे मुज्तबा जेवता जेवता उठतात. चहा अर्धा ठेवून दारापर्यंत जाऊन येतात. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली तरी दोन गावं गेली की उभे राहतात. बोलताना त्यांचं बोट टेबलावर, भिंतीवर, नाहीतर स्वतःच्याच मांडीवर फिरत असतं, आणि ते काय काढतंय हे मला न बघता सांगता येतं. आधी वशिंड, मग पाठ, मग शेपूट, मग लांब शिंगं, आणि सगळ्यात शेवटी तोंड. एकदा माझ्या पाचवीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या मागे असे सात-आठ बैल निघाले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, हे कशाचे गुण?" मी काय सांगणार, कपाळाचे?

घरात आम्ही दखनी बोलतो. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, लोकांच्या लेकरांची वाक्यं दुरुस्त केली, तेव्हा नवऱ्याची गोष्टही मराठीतच सांगते. ती सांगायची तर बैलापासूनच सुरुवात करावी लागते. दोघांना वेगळं काढायचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. जमत नाही.

लातूरचा भूकंप झाला तेव्हा मुज्तबा बाविशीचे होते, आमचं लग्न अजून व्हायचं होतं. एका पहाटेत गावंच्या गावं मातीत गेली. वाचलेल्यांसाठी माळावर पत्र्याचे शेड उभे राहिले, रांगाच्या रांगा, सगळे सारखे. दुःखानं बधिर झालेली माणसं दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभी राहत. म्हणून शेडवर नंबर टाकायला पेंटर हवे होते. निलंग्याच्या स्टँडजवळ वडिलांच्या हाताखाली बोर्ड रंगवणारे मुज्तबा काळ्या रंगाचे डबे घेऊन तेरणेकाठच्या माळवाकडीला गेले. दिवसभर पत्र्यावर आकडे टाकायचे, उन्हं उतरली की नदीवर जाऊन ब्रश आणि हात धुवायचे.

नदीला लागून अण्णारावांचं शेत होतं. अण्णाराव आणि लक्ष्मीबाई यांची सहा वर्षांची सिंधु भूकंपात गेली होती. पाळण्यातलं पोरगं, दयानंद, तेवढं ढिगाऱ्यातून जिवंत निघालं. त्यांच्या शेताच्या कोपऱ्यात, काठाच्या मातीतून एक काळा खडक उभा होता. माणसाच्या उंचीचा, बैलगाडीएवढा लांब. त्याच्यावर चुन्याचे थरावर थर होते, बोटभर जाडीचे. हादऱ्यानं खडकाला मधोमध तडा गेला आणि चुन्याचे मोठाले पोपडे खाली गळून पडले. ब्रश धुता धुता मुज्तबांनी वर पाहिलं तर खडकातून एक बैल त्यांच्याकडे बघत होता.

रंगवलेला नव्हे, ठोकून काढलेला. दगडावर दगड मारून बारीक टिंबं पाडलेली, आणि टिंबांची मिळून रेघ झालेली. वशिंड केवढं, शिंगं केवढी, आणि तोंड असं वळवलेलं की कोणीतरी हाक मारली म्हणून थांबलाय. त्याच्या मागे चुन्याखाली आणखी काहीतरी होतं, एक पाय, एक शेपटीचं टोक. मुज्तबांनी हातातल्या वर्तमानपत्रावर ब्रशनं तो बैल उतरवून घेतला. "नाझनीन, ज्यानं काढला त्याचा हात थरथरला नव्हता एकदासुद्धा," हे वाक्य मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकलं, की आता ते सुरू झालं की मी भांडी घासायला जाते.

लातूरकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पण मी हदगावची, आमच्याकडे येळवस नाही, मला ती समजावून घ्यावी लागली. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळा अमावस्या, बोलण्यात येळवस. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात आणि कावेचे तांबडे ठिपके देतात. हे पांडव. पूजा झाली की आंबील, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे. वाटेनं जाणारा दुश्मन असला तरी त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. अण्णारावांकडे मात्र वेगळे दगड मांडत नसत. तो नदीकाठचा खडकच त्यांचे पांडव होता. पणजोबांच्याही आधीपासून दर येळवशीला त्याला चुना लागत आला होता, आणि खाली काय आहे हे घरातल्या कोणाला ठाऊक नव्हतं.

भूकंपानंतरची पहिली येळवस आली. मुज्तबा मोठा कागद आणि कोळसा घेऊन माळवाकडीला पोचले, तर खडक पांढराफेक. लक्ष्मीबाई कुंचा धूत होत्या.

"काकू, हे काय केलंत? खाली केवढी कारागिरी हाय!"

"आसंल," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"आसंल काय? आता ती दिसंल कशी?"

"पेंटर, बस इथं." त्यांनी त्यांना कोपीच्या सावलीत बसवलं. "मागच्या येळवशीला भावकीत सुतक व्हतं. आमी चुना लावला न्हाई. पांडव उघडे राह्यले. वर्साच्या आत माझी सिंधु गेली. आता तू मला सांग, मी लावू का नको?"

मी तिथं असते तर म्हटलं असतं, की अहो काकू, ज्यांनी चुना लावला त्यांचीही लेकरं गेली की. मी तिथं नव्हते हे फार बरं झालं. मुज्तबांनी मान खाली घालून भज्जी खाल्ली आणि कोरा कागद तसाच घेऊन परत आले.

पण तो माणूस स्वस्थ बसणार थोडाच. पावसाळ्यात चुना धुपतो. दसऱ्यापर्यंत खडकावर कुठं कुठं पातळ जागा पडायच्या आणि खालच्या रेघा वर यायच्या. दसरा ते येळवस एवढाच मोसम. लक्ष्मीबाईंनी त्यात तडजोड केली, "पावसानं धुतलं तेवढं बघ. त्याच्या म्होरं हात लावू नको." मुज्तबा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा खडकावर धरायचे आणि काळ्या पेननं जेवढं दिसेल तेवढं गिरवून घ्यायचे. या वर्षी एक खूर, पुढच्या वर्षी शिंगाचं टोक. येळवशीला लक्ष्मीबाई पुन्हा चुना मारायच्या आणि हे जेवून परत यायचे.

हात लावू नको म्हटलं तरी पेंटरचा हात तो. त्यांच्या खिशात नेहमी लोखंडी पट्टी असते, भिंतीचा जुना रंग खरवडायची. जिथं रेघ चुन्यात शिरायची तिथं ते पट्टीनं वीतभर जागा मोकळी करायचे, आणि सगळ्यात आधी बैलाचं तोंड. दरवर्षी. "त्याला बघितल्याशिवाय बाकीचं काढता येत न्हाई," म्हणायचे. लक्ष्मीबाईंना ते दिसत असणार. त्या काही बोलत नसत.

लग्नानंतर नवरे बायकांना खुलदाबादला नेतात, हैदराबादला नेतात. मला माळवाकडीला नेलं. दोन बस बदलून, मग मातीच्या वाटेनं चालत. मी म्हटलं, "दाखवा माझी सवत." त्यांनी पट्टी काढली, अलगद खरवडलं, पाण्याचा हात फिरवला, आणि तो तोंड वळवलेला बैल बाहेर आला. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी याच काठावर उभं राहून एका जनावराकडे इतक्या मायेनं पाहिलं होतं. त्या दिवसापासून मी नवऱ्याची चेष्टा करते, बैलाची करत नाही.

एक मात्र माझ्याही लक्षात आलं. नदी काठ खात होती. प्रत्येक पुरात खडकाखालची माती जात होती आणि खडक पाण्याकडे कलत होता. खालच्या बाजूला हरणांची एक ओळ होती, तिचे पाय पुराच्या वाळूनं घासून गेले होते. मुज्तबा परत आले की पहिल्या दोन रात्री कूस बदलत राहायचे. "गेल्या वर्षी गुडघा दिसत व्हता. औंदा न्हाई." जणू घरातलंच कोणी आजारी आहे.

मधल्या वर्षांत लातूरमध्ये क्लासचं पेव फुटलं. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात भाड्यानं दिलेल्या खोल्या, बारावीच्या पोरांनी भरलेली मेस. निकाल लागला की प्रत्येक क्लासला आपल्या भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे हवे असत, माणसापेक्षा मोठे. मुज्तबांना चेहरा हुबेहूब जमायचा. आठवडाभर लातूर, शनिवारी निलंगा. पासपोर्ट फोटोवरून त्यांनी किती लेकरं भिंतीवर हसवली याचा हिशेब नाही. आणि पुढच्या जूनमध्ये त्याच भिंतीवर पांढरा हात मारून नवी लेकरं काढायची. मी एकदा म्हटलं, "लक्ष्मीकाकू शेतात मारतात तो चुना तुम्हाला खुपतो, आणि तुम्ही शहरात वर्षाला शंभर लेकरांवर चुना मारता." ते जेवणावरून उठून गेले. त्यात नवीन काही नव्हतं, पण या वेळी रागानं उठले.

मग फ्लेक्स आले आणि भिंतीचं काम संपलं. मुज्तबांच्या हाताला रिकामपण आलं आणि डोक्यात बैलच राहिला. ते कचेऱ्यांत जाऊ लागले. प्लॅस्टिकचे तुकडे गुंडाळून न्यायचे, साहेबांच्या टेबलावर पसरायचे. कोणी म्हणे हे आमच्या खात्यात येत नाही, कोणी म्हणे अर्ज द्या. शेवटी नांदेडहून रामकिशन सर आले. कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचे. मोठा भला माणूस. खडकावर जेवढं उघडं होतं तेवढं त्यांनी तासभर पाहिलं आणि म्हणाले, "लोखंड यायच्या आधीचं काम वाटतं. नक्की काळ मी सांगणार नाही. पण असं मी या भागात पाहिलेलं नाही. मुज्तबाभाई, तुकड्यांनी भागणार नाही. एकदा पूर्ण चुना काढून पूर्ण खडकाची नोंद व्हायला हवी. फोटो, मापं, एकसंध नक्कल."

"कधीपर्यंत, सर?"

सरांनी नदीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं नवा बांध जवळजवळ पुरा झाला होता. "येत्या पावसाळ्यात दारं टाकणार आहेत. पाणी इथवर येईल." खडक उचलून नेता येईल का, हेही पाहून झालं. भूकंपाचा तडा आरपार होता, उचलला असता तर दोन तुकडे झाले असते. वरून उत्तर आलं, की प्रस्तावाचा विचार करण्यात येईल. पाणी काही विचार करत बसणार नव्हतं.

म्हणजे उरली एकच येळवस, आणि तिच्या आधीचे दिवस. लक्ष्मीबाई नाही म्हणाल्या. सगळा खडक उघडा करायचा म्हणताच त्यांनी कानांवर हात ठेवले. दयानंद, तो पाळण्यातून वाचलेला, त्या वर्षी बारावीला होता. लातूरला खोली करून क्लास करत होता. "लेकराच्या परीक्षेच्या वर्सी मी पांडव उघडे करू? पेंटर, तू मागायचं म्हनून काय बी मागू नको."

मुज्तबांचं त्या दिवसांत जेवणखाण गेलं. दारापर्यंत जायचे, आणि स्टँडपर्यंत जायचे, आणि परत यायचे. अशात अण्णाराव निलंग्याला आले आणि हळूच म्हणाले, "लक्ष्मी चार दिस म्हायेरी जानार हाय. तवा उरकून घ्या. वरून चुना मारू, तिला कशाला कळतंय?" अण्णारावांचा हेतू वाईट नव्हता. बायकोला न सांगता गोष्टी उरकायची त्यांना जन्माची सवय होती.

मुज्तबांनी स्कूटरला बादली बांधली, ब्रश घेतले, पोतं घेतलं. किल्ली लावली. मग उतरले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, बादली सोडली. पुन्हा बांधली. मी दारात उभी राहून पाहत होते. शेवटी मलाच असह्य झालं.

"असं नका करू," मी म्हटलं. "चोरून धुतलेला बैल तुम्हाला झेपायचा नाही. मी विचारते काकूंना."

"ती व्हय म्हननार न्हाई."

"नाही म्हणू दे. तोंडावर तर म्हणेल."

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून मी माळवाकडीला गेले. भूकंपानंतर मिळालेल्या नव्या घराच्या ओट्यावर लक्ष्मीबाई हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. मीही निवडायला बसले. मग मी विचारलं, "काकू, या पावसाळ्यात पाणी येणार. पुढच्या येळवशीला पांडवांना चुना कोण लावणार?"

त्यांचा हात थांबला. मला वाटलं होतं मी त्यांना नवं काही सांगतेय. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की बांधाचा पहिला दगड पडल्यापासून त्या दुसरा विचारच करत नव्हत्या.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पान्याखाली उघडे राहतील की गं ते. दर साल. कोन जाईल तिथं?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दयानंदला मी सांगितलं न्हाई. आभ्यास करून राहिलाय बिचारा. पन माझ्या काळजाला घोर लागलाय."

मी त्यांचा हात धरला. सांत्वन मला नीट जमत नाही, वर्गात दरडावायची सवय. थोड्या वेळानं त्यांनीच पदरानं तोंड पुसलं.

"तुझा पेंटर रंगातला मानूस हाय. पान्यात टिकंल आसा चुना करता येतो का त्याला?"

"विचारून सांगते."

"इचार. आसा चुना तो सोता लावून देनार आसंल, तर धुवू दे त्याला सगळा खडक. पन येळवशीला दिवस मावळायच्या आत झाकला पायजे. आन् मंग परत खरवडायचा न्हाई. कदीच."

मी घरी येऊन मुज्तबांना हे सांगितलं. त्यांना हवं होतं ते मिळत होतं, आणि ज्याच्याविरुद्ध ते इतकी वर्षं भांडले तेच त्यांच्या हातानं करायचं होतं. "लोकांनी बघावं म्हनून जीव काढला मी," ते म्हणाले, "आन् मीच झाकू?" ते अंगणात फेऱ्या मारत राहिले. मग त्यांनी वडिलांच्या वेळची चुना मळायची रीत आठवायला सुरुवात केली. गुळाचं पाणी, बेलफळाचा चीक, भिजवलेला ताग. बारीक चाळलेली विटेची भुकटी, ती घातली की चुना पाण्यात धरतो. टाकीत चुना भिजत पडला आणि मला त्यांचं उत्तर कळलं.

वरून पक्का चुना लावण्याबद्दल रामकिशन सरांना विचारलं. सर म्हणाले, "नियमानं मला हो म्हणता येत नाही. आणि नाही म्हणून मी पाणी थांबवू शकत नाही. आधी नोंद नीट करू."

येळवशीच्या आधी तीन दिवस आम्ही खडकाशी होतो. सर, मुज्तबा, अण्णाराव आणि मी. सरांनी लोखंड हातात धरू दिलं नाही. ओली पोती चुन्यावर टाकून ठेवायची, थर मऊ झाला की बांबूच्या कामटीनं उचलायचा आणि मऊ ब्रशनं पाणी सोडायचं. फार सावकाश काम. मुज्तबांना ते सोसेना, पण पहिला मोठा थर निघाला आणि त्यांचा हात आपोआप हळू झाला.

खाली काय काय निघालं! हरणांच्या ओळीच्या वर दुसरी ओळ, तिच्यातल्या हरणांचे कान उभे. हातात काठी घेतलेला एक माणूस, रेघेसारखा बारीक. बैलाच्या पोटाशी एक वासरू, जे इतक्या वर्षांत एकदाही चुन्यातून वर आलं नव्हतं. टिंबन्‌टिंब ताजं. भूकंपातही न सुटलेला जुना चुना तिथं घट्ट बसून होता, आणि त्याखाली दगडाची कातडी जशीच्या तशी राहिली होती. मुज्तबा वासराजवळ गुडघे टेकून हसत होते, लहान पोरासारखे. "हे बघ. हे बघ की गं."

मग बैलाच्या तोंडावरचं पोतं काढलं, चुना उचलला. वशिंड होतं. पाठ होती. शिंगंही होती, बुडाकडे पुसट. आणि तोंडाच्या जागी काहीच नव्हतं. गुळगुळीत काळा दगड, आणि त्याच्यावर आडव्या बारीक चिरा, एकीला एक लागून.

सर पुढे झाले, चष्मा वर करून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पुराच्या पाण्यानं गेलं असेल, मुज्तबाभाई. वाळू घासते."

"वाळू अशी सरळ घासत न्हाई, सर," मुज्तबा म्हणाले. "ही माझी पट्टी हाय."

आणि ते खाली बसले. मातीत, पाय पसरून. सर मापं घेत राहिले, अण्णारावांनी चहा आणला, ऊन उतरलं, तरी ते बसलेच होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, इतका वेळ एका जागी बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, पण त्यांना हात लावायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनीच वाट काढली. मुज्तबांनी वर्षानुवर्षं गिरवलेले प्लॅस्टिकचे तुकडे त्यांनी मागवले. त्यांत बैलाचं तोंड होतं, पहिल्या वर्षीचं अगदी स्पष्ट, नंतरच्या प्रत्येक तुकड्यात थोडं पुसट. इतके दिवस ती तोंडं कोणी एकाशेजारी एक ठेवून पाहिली नव्हती. सर म्हणाले, मोठ्या नकलेत खडकावर आज आहे ते सलग रेघेनं काढा, आणि तोंड जुन्या तुकड्यावरून तुटक रेघेनं. तसं केलं. मुज्तबांनी पाहिलं नसतं तर ते तोंड कागदावर आलं नसतं. पाहिलं म्हणून ते दगडावर उरलं नाही. मी कितीदा हे मनात मांडून बघते, मला ते गणित सुटत नाही.

येळवशीच्या दिवशी खडकासमोर कोप उभी राहिली. लक्ष्मीबाई नवं लुगडं नेसून आल्या. दयानंदही लातूरहून आला होता, पुस्तक काखेत घेऊनच. लक्ष्मीबाईंनी आपले पांडव पहिल्यांदाच पूर्ण उघडे पाहिले. हरणं पाहिली, वासरू पाहिलं, काठीवाला माणूस पाहिला, आणि हात जोडले. "एवढं सगळं व्हय आत," एवढंच म्हणाल्या. पूजेनंतर आंबील शिंपडत सगळे शेताला फेरी घालून आले. आम्ही जेवलो. मुज्तबांनी भाकर मोडली आणि तशीच ठेवली.

उन्हं कलली तेव्हा लक्ष्मीबाईंनी स्वतः चुन्याची बादली उचलून त्यांच्यासमोर ठेवली. "पेंटर."

ते उठले. कुंचा चुन्यात बुडवला. मला वाटलं वासरापासून सुरुवात करतील, किंवा हरणांपासून, जी नदीच्या सगळ्यात जवळ होती. ते सरळ बैलाच्या तोंडाकडे गेले. त्या गुळगुळीत दगडावर त्यांनी पहिला हात दिला, सावकाश, वरून खाली. तो सुकू दिला. मग दुसरा हात. मग पुन्हा कुंचा बुडवला.

लक्ष्मीबाई जवळ आल्या. "आरं, तिथं तर काईच न्हाई आता. वासराकडं बघ, दिवस चाललाय. तिथं कशाला तीन तीन हात?"

"तिथंच लागतंय, काकू," मुज्तबा म्हणाले, आणि तिसरा हात दिला.